एका क्रीडागृहाचे चरित्र : पॅरिसचे 'व्हेल दिव्ह'

पॅरिसच्या पंधराव्या विभागात, आयफेल टॉवरपासून पायी थोड्याच अंतरावर, बुलव्हार द ग्रनेल आणि र्यू नेलातों हे दोन रस्ते एकमेकांना मिळतात. त्या कोपऱ्यावर १९१० ते १९५९ अशी सुमारे पन्नास वर्षे एक प्रचंड बंदिस्त क्रीडागृह उभे होते. त्याचे अधिकृत नाव 'व्हेलोद्रोम दिव्हेर', म्हणजे हिवाळ्यातले सायकल-शर्यतगृह. पॅरिसकरांनी आपल्या सवयीप्रमाणे हे लांबलचक नाव तोडून त्याचे 'व्हेल दिव्ह' करून टाकले. एखाद्या लाडक्या नातेवाइकाला हाक मारावी तसे हे नाव दोन पिढ्यांच्या तोंडी होते. आज मात्र फ्रेंच माणसासमोर ते उच्चारले, तर त्याला सायकली आठवत नाहीत. त्याला जुलै १९४२ आठवतो.

एका खेळघराच्या नावाचा अर्थ असा समूळ कसा पालटतो, हा प्रश्न इतिहासाचा तर आहेच. पण तो भाषेचाही आहे, आणि म्हणून साहित्याच्या अभ्यासकांनी त्यात लक्ष घालावे असे मला वाटते. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो, हे आपण वर्गात शिकवतो. वास्तूचा अर्थही वापरानेच ठरतो. मात्र शब्दाचा जुना अर्थ कोशात नोंदलेला राहतो. वास्तू पाडली की तिचे जुने अर्थ कुठे नोंदलेले राहतात? आणि ते नोंदवणारा कोण असतो?

*

आरंभ अगदी निष्पाप आहे. १८८९ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी आयफेल टॉवरबरोबरच लोखंड आणि काचेचे एक अवाढव्य 'यंत्रदालन' बांधले गेले होते. प्रदर्शन संपल्यावर या दालनाचे करायचे काय, हा प्रश्न होता. आंरी देग्रांज हा सायकलपटू-पत्रकार तेव्हा 'लोतो' या क्रीडावृत्तपत्राचा संपादक होता. १९०३ च्या उन्हाळ्यात ज्याने 'टूर द फ्रान्स' ही शर्यत सुरू केली, तो हाच. उन्हाळ्यात रस्ते होते. हिवाळ्यात मात्र सायकलपटू बेकार आणि वृत्तपत्राला बातमी नाही, अशी अवस्था असे. देग्रांजने यंत्रदालनात लाकडी धावपट्टी घालून घेतली आणि १९०३ च्या डिसेंबरात तिथे शर्यती सुरू केल्या. पुढे आयफेल टॉवरसमोरचा परिसर मोकळा करण्यासाठी १९०९ मध्ये हे दालन पाडायचे ठरले, तेव्हा देग्रांजने जवळच दुसरी जागा शोधली. गास्तों लांबेर या वास्तुकाराने नव्या गृहाचा आराखडा केला. १९१० च्या फेब्रुवारीत ते उघडले.

या वास्तूची रचना नीट समजून घ्यायला हवी, कारण पुढे तिचाच उपयोग झाला. मध्यभागी सुमारे अडीचशे मीटर घेराची लंबवर्तुळाकार लाकडी धावपट्टी. वळणावर सायकल घसरू नये म्हणून ती बाहेरच्या बाजूने भिंतीसारखी उंच होत गेलेली. धावपट्टीच्या पोटात मोकळे अंगण, आणि सभोवती एकावर एक चढत जाणाऱ्या आसनांच्या रांगा. सुमारे १७,००० माणसे मावतील एवढी जागा. वर काचेचे छत. प्रवेशाची दारे मोजकी, कारण प्रत्येक माणसाचे तिकीट तपासायचे असते. आत आलेला प्रत्येक जण इतर सर्वांना दिसेल, आणि बाहेरून मात्र आतले काहीही दिसणार नाही, अशी ही मांडणी. प्रेक्षागृहाचा गुण म्हणून आपण ज्याची स्तुती करू, ते हेच.

*

१९१३ च्या जानेवारीत इथे पॅरिसमधली पहिली 'सहा दिवसांची शर्यत' झाली. दोघांची एक जोडी. सहा दिवस आणि सहा रात्री त्यांच्यापैकी एक जण सतत धावपट्टीवर, दुसरा मध्यल्या अंगणातल्या छोट्याशा खोपटात जेवतोय किंवा झोपतोय. ही शर्यत म्हणजे पॅरिसचा हिवाळी उरूसच होता. अंगणात मेजे मांडलेली असत. तिथे उंची पोशाखातले श्रीमंत लोक, नट-नट्या आणि पुढारी शॅम्पेन घेत बसत. छताजवळच्या स्वस्त रांगांमध्ये कामगार वस्त्यांतली माणसे डबे घेऊन मुक्कामाला येत. लहर लागली की अंगणातला एखादा धनिक पुढच्या काही फेऱ्यांसाठी बक्षीस जाहीर करी, आणि दमलेले सायकलपटू पुन्हा जिवावर उदार होऊन पायडल मारू लागत. एका छपराखाली सगळे शहर आपापल्या पायरीप्रमाणे बसलेले, असे ते दृश्य होते.

अर्नेस्ट हेमिंग्वे विशीत पॅरिसमध्ये राहत असताना या शर्यतींच्या नादी लागला होता. त्याच्या मृत्यूनंतर १९६४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पॅरिसच्या आठवणींत त्याने या गृहातल्या धुरकट उजेडाचे, लाकडावर घासणाऱ्या चाकांच्या आवाजाचे वर्णन केले आहे. सायकल-शर्यतींवर आपण बऱ्याच कथा लिहायला घेतल्या, पण शर्यतींच्या तोडीची एकही उतरली नाही, अशी कबुलीही तो तिथे देतो. ही कबुली लक्षात ठेवावी. या वास्तूत जे घडले ते शब्दांत न मावण्याचा हा पहिला, आणि सर्वांत सुखद, प्रसंग आहे.

१९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील मुष्टियुद्ध, कुस्ती आणि वजन उचलण्याच्या स्पर्धा इथेच झाल्या. १९३१ मध्ये जेफ डिक्सन या अमेरिकी आयोजकाने वास्तूचे नूतनीकरण केले. बर्फावरची हॉकी, स्केटिंग, सर्कशी असे नाना खेळ तिथे होऊ लागले. आणि जिथे हजारो माणसे एकत्र बसू शकतात तिथे राजकारण येतेच. तिसाच्या दशकात फ्रान्समधला प्रत्येक पक्ष या गृहात आपली ताकद मोजून दाखवी. सप्टेंबर १९३६ मध्ये स्पेनच्या प्रजासत्ताकासाठी मदत मागायला आलेली 'ला पासिओनारिया', म्हणजे दोलोरेस इबारुरी, इथेच बोलली. पुढच्याच वर्षी, जुलै १९३७ मध्ये, तुरुंगातून सुटलेल्या शार्ल मोरास या कडव्या राष्ट्रवादी, ज्यूद्वेष्ट्या लेखकाचा सत्कारही इथेच झाला. पक्ष बदलत, झेंडे बदलत, रांगा त्याच राहत. वास्तूला मत नसते. अंगणात उभ्या असलेल्या माणसाचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवणे, एवढेच तिचे काम.

*

हे गृह पहिल्यांदा कोंडवाडा बनले ते जर्मनांच्या हातून नव्हे. ही गोष्ट सहसा सांगितली जात नाही. मे १९४० मध्ये, जर्मन सैन्य पॅरिसमध्ये शिरण्याच्याही आधी, फ्रेंच प्रजासत्ताकाच्या सरकारने पॅरिसमधल्या जर्मन स्त्रियांना 'शत्रूदेशाच्या नागरिक' म्हणून व्हेल दिव्हमध्ये हजर होण्याचा हुकूम दिला. त्यांच्यातल्या अनेक जणी हिटलरच्या राज्यातून जीव वाचवून आलेल्या ज्यू निर्वासित होत्या. हाना आरेंट ही त्यांच्यापैकीच एक. काही दिवस काचेच्या छताखाली काढल्यावर त्यांना दक्षिणेकडे, पिरेनीज पर्वताच्या पायथ्याच्या ग्यूर्स छावणीत पाठवण्यात आले. त्या उन्हाळ्यात फ्रान्स कोसळला, त्या गोंधळात आरेंट छावणीतून निसटली आणि १९४१ मध्ये अमेरिकेला पोचली. राज्यसंस्था आणि राज्यविहीन माणूस यांच्याबद्दल तिने पुढे जे लिहिले, त्यामागे हा अनुभव आहे. ज्या देशाने आश्रय दिला त्यानेच कोंडून घातले, ही विसंगती तिने पुस्तकात वाचलेली नव्हती.

१९४० ची ही घटना मी मुद्दाम नोंदवतो. बंदिस्त क्रीडागृह ही माणसे साठवण्याची सोयीची जागा आहे, हे प्रशासनाला तेव्हाच कळले होते.

सप्टेंबर १९४० मध्ये निघालेल्या जर्मनांच्या फर्मानानुसार व्याप्त प्रदेशातल्या ज्यूंची नोंदणी झाली. ती फ्रेंच पोलिसांनी केली. बहुतेकांनी कायदा पाळायचा म्हणून रांगेत उभे राहून आपली नावे दिली. त्यांतून पॅरिसच्या पोलीस मुख्यालयात हजारो कार्डांची एक सूची तयार झाली : नावानुसार, राष्ट्रीयत्वानुसार, पत्त्यानुसार, व्यवसायानुसार. कुणाही ग्रंथपालाला हेवा वाटावा अशी ती सूची होती. ७ जून १९४२ पासून पिवळी चांदणी कपड्यावर शिवणे सक्तीचे झाले. मग १६ जुलैच्या पहाटे चार वाजल्यापासून सुमारे २७,००० कार्डे हातात घेऊन पॅरिसचे पोलीस शहरभर फिरू लागले. आधी हा बेत दोन दिवस अलीकडचा होता. पण १४ जुलै हा बास्तीयचा दिवस, फ्रान्सचा स्वातंत्र्याचा सण. तो जाऊ द्यावा म्हणून मुहूर्त पुढे ढकलला.

दोन दिवसांत १३,१५२ माणसे पकडली गेली. ती मुख्यतः परदेशातून आलेली किंवा राष्ट्रीयत्व गमावलेली होती : पोलिश, जर्मन, ऑस्ट्रियन, चेक, रशियन. त्यांची मुले मात्र बहुतांशी फ्रान्समध्येच जन्मलेली. मुले घ्यावीत अशी जर्मनांची मूळ मागणी नव्हती. सोळा वर्षांखालच्या मुलांनाही पाठवून द्यावे, हा प्रस्ताव फ्रेंच सरकारचा प्रमुख पिएर लाव्हाल याने स्वतःहून मांडला. यापूर्वी १९४१ मध्ये झालेल्या धरपकडींत केवळ पुरुष नेले गेले होते. त्यामुळे कुणकुण लागताच बरेच पुरुष लपले आणि बायका-मुले घरी राहिली. त्यांना कोण हात लावणार, असा भरवसा होता. पकडलेल्यांत पुरुष कमी आणि मुले जास्त का, याचे उत्तर या भरवशात आहे. कार्डांवरची निम्म्याहून अधिक माणसे सापडली नाहीत, याचेही कारण नोंदवायला हवे : काही पोलिसांनी आगाऊ सूचना दिली, काही शेजाऱ्यांनी दार उघडले.

एकटी माणसे आणि मूल नसलेली जोडपी, अशा ४,९९२ जणांना थेट द्राँसीच्या छावणीत नेले. मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना शहरातल्याच सार्वजनिक बसगाड्यांत बसवून व्हेल दिव्हमध्ये आणले. ४,११५ मुले, २,९१६ स्त्रिया, १,१२९ पुरुष : एकूण ८,१६०. जुलैचा उन्हाळा. हवाई हल्ल्यांच्या भीतीने काचेचे छत निळ्या रंगाने रंगवलेले, त्यामुळे आत दिवसाही एक हिरवट-निळा अंधार. खिडक्या बंद. शौचालये थोडी, त्यांतली काही खिडक्यांमुळे पळून जाता येईल म्हणून बंद ठेवलेली. उरलेली पहिल्याच दिवशी तुंबली. पाणी नाममात्र. डॉक्टर आणि परिचारिका हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. जी वळणदार पट्टी चाकांना आधार द्यायला बांधली होती, तिच्या उतारावर लहान मुले घसरगुंडी खेळली, असे वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले आहे. मुलांना जागेचा पहिला अर्थ ठाऊक होता.

आगीपासून संरक्षणासाठी तैनात केलेल्या अग्निशमन दलाच्या जवानांनी पाण्याचे नळ उघडून लोकांना पाणी दिले, आणि त्यांनी चुरगळून हातात दिलेल्या चिठ्ठ्या बाहेर नेऊन टपालात टाकल्या. त्या पाच दिवसांतला हा एक उजेडाचा कवडसा आहे. मोजकी माणसे निसटली. त्यांत काही मुलीही होत्या. उरलेल्यांना आठवडाभराच्या आत पितिव्हिए आणि बोन-ला-रोलाँद इथल्या छावण्यांत हलवले. मुलांना नेण्यासाठी बर्लिनची परवानगी यायची होती, म्हणून आधी आयांना बळाने त्यांच्यापासून तोडून आउश्वित्झला धाडले. मुले मागाहून, ऑगस्टमध्ये, द्राँसीमार्गे. त्या गाड्यांतून गेलेल्या लहान मुलांपैकी कुणी परत आले नाही.

*

आणि वास्तू? ती धुऊन पुसून पुन्हा वापरात आली. जर्मनांशी हातमिळवणी करणाऱ्या गटांच्या सभा तिथे होत राहिल्या. ऑगस्ट १९४४ मध्ये पॅरिस मुक्त झाले, तेव्हा याच गटांतल्या संशयितांना पकडून याच गृहात ठेवण्यात आले. युद्धानंतर सहा दिवसांची शर्यत पुन्हा सुरू झाली, मेजे पुन्हा मांडली गेली, मार्सेल सेर्दाँसारखे मुष्टियोद्धे तिथे लढले. त्या रांगांत बसलेल्या प्रेक्षकांना काय झाले होते ते ठाऊक नव्हते असे म्हणता येत नाही. पण ठाऊक असणे आणि आठवणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

ऑगस्ट १९५८ मध्ये, अल्जीरियाच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या ऐन भरात, पॅरिसमध्ये पोलिसांवर हल्ले झाले. त्यानंतर पोलिसांनी हजारो अल्जीरियन कामगारांना रस्त्यांवरून उचलून चौकशीसाठी व्हेल दिव्हमध्ये आणि शहरातल्या इतर काही जागांत डांबले. पॅरिसचा पोलीसप्रमुख तेव्हा मोरिस पापों होता. युद्धकाळात बोर्दोमध्ये अधिकारी असताना ज्यूंना छावण्यांत धाडण्याच्या कामात त्याचा हात होता, आणि त्यासाठी मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यातील सहभागाबद्दल १९९८ मध्ये, म्हणजे चाळीस वर्षांनी, त्याला शिक्षा झाली. एकाच वर्षात हे गृह आधी कोंडवाडा होते आणि मग शेवटच्या सहा दिवसांच्या शर्यतीचे रंगस्थळ : नोव्हेंबर १९५८ मध्ये झाक आंकतिल आणि त्याच्या जोडीदारांनी ती जिंकली. १९५९ मध्ये वास्तूच्या काही भागाला आग लागली आणि मग ती पाडण्यात आली. तत्पूर्वी, १२ मे रोजी झालेल्या निरोपाच्या रात्री, साल्व्हादोर दालीने तिथे आयफेल टॉवरची एक प्रतिकृती स्फोटाने उडवून दिली. विक्षिप्त चित्रकाराचे विक्षिप्त कौतुक, असे म्हणून त्या रात्री टाळ्या पडल्या असतील.

व्हेल दिव्ह गेले, तरी त्याचा दुसरा उपयोग गेला नाही. १७ ऑक्टोबर १९६१ रोजी पॅरिसमध्ये निदर्शने करणाऱ्या अल्जीरियन लोकांवर पापोंच्या पोलिसांनी अमानुष अत्याचार केले. पकडलेल्यांतल्या हजारोंना पोर्त द व्हर्सायच्या नव्या क्रीडाप्रासादात कोंडले. तीन दिवसांनी तिथे रे चार्ल्स या गायकाची मैफल ठरलेली होती. म्हणून कैद्यांना दुसरीकडे हलवून सभागृह धुऊन काढले, आणि मैफल ठरल्याप्रमाणे पार पडली.

*

इथे आपण मूळ प्रश्नाकडे येतो. वास्तू नाहीशी झाल्यावर तिचा अर्थ कोण नोंदवतो?

छायाचित्राने तो नोंदवायला हवा होता, असे आपल्याला वाटेल. कित्येक वर्षे पुस्तकांतून एक छायाचित्र छापले जात होते : व्हेल दिव्हचे आतले दृश्य, जमिनीवर बसलेली माणसे, आणि खाली मथळा 'जुलै १९४२'. पुढे १९८० च्या दशकात सर्ज क्लार्सफेल्ड या इतिहासकाराने दाखवून दिले, की हे चित्र १९४४ चे आहे आणि त्यातली माणसे ज्यू नसून जर्मनांचे साथीदार म्हणून पकडलेले लोक आहेत. ज्यांना बळी समजून आपण हळहळत होतो, ती दुसऱ्या बाजूची माणसे निघाली. कारण स्पष्ट आहे. रांगा त्याच, छत तेच, जमिनीवर बसलेल्या माणसाची असहायताही तीच. वास्तूची छबी कोंडलेल्यांचे नाव सांगत नाही. ते मथळ्याने सांगावे लागते, आणि मथळा चुकू शकतो. त्या दोन दिवसांचे ज्ञात असलेले एकमेव छायाचित्र बाहेरचे आहे : भिंतीलगत ओळीने उभ्या असलेल्या बसगाड्या. माणसे त्यात जवळजवळ नाहीतच.

चित्रपटाने काय केले? आलाँ रेने यांच्या १९५६ च्या 'रात्र आणि धुके' या लघुपटात फ्रान्समधल्या एका छावणीचे छायाचित्र होते, आणि त्यात पहाऱ्यावरच्या फ्रेंच शिपायाची विशिष्ट टोपी दिसत होती. परीक्षण मंडळाने ती टोपी झाकायला लावली. छावणी दाखवायला हरकत नव्हती, कोंडलेली माणसे दाखवायला हरकत नव्हती. हरकत फक्त टोपीला होती. पुढे १९७६ मध्ये जोसेफ लोझी यांच्या 'मिस्टर क्लाइन' या चित्रपटाने आणि २०१० मध्ये 'ला राफ्ल' या चित्रपटाने ही धरपकड पडद्यावर आणली. पण दोन्ही वेळा वास्तू दुसरीकडे उभी करावी लागली, हे सांगायलाच नको.

साहित्याने दोन वाटा धरल्या. तातियाना द रोने यांची 'सारा' या मुलीवरची कादंबरी (२००७) पहिल्या वाटेने जाते : एक मुलगी, एक कुलूपबंद कपाट, त्यात लपवलेला लहान भाऊ. कल्पित कथा वाचकाला आत नेते, रडवते आणि अखेरीस बाहेर आणून सोडते. या कादंबरीमुळे जगभरातल्या असंख्य वाचकांना व्हेल दिव्हचे नाव कळले, हे तिचे ऋण मान्यच आहे. पात्रिक मोदियानोचे 'दोरा ब्रुदेर' (१९९७) दुसऱ्या वाटेने जाते. १९४१ च्या डिसेंबरातल्या एका वृत्तपत्रात हरवलेल्या मुलीची एक जाहिरात त्याच्या वाचनात आली. तेवढ्या धाग्यावरून त्याने नोंदवह्या, शाळा, रस्ते, पोलिसांचे कागद धुंडाळले. जे सापडले ते लिहिले. जे सापडले नाही तिथे कल्पनेचे ठिगळ लावण्याचे त्याने टाळले. ही मुलगी व्हेल दिव्हमध्ये नव्हती. तिला वडिलांबरोबर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात आउश्वित्झला नेले. तरीही व्हेल दिव्हबद्दल कसे लिहावे, याचा वस्तुपाठ मला या छोट्या पुस्तकात दिसतो. पोलिसांची कार्डसूची माणसाला नाव, पत्ता, व्यवसाय इतक्यावर आणून ठेवते. मोदियानो तेच तपशील हाताळतो, पण उलट्या दिशेने : पत्त्यावरून रस्त्याकडे, रस्त्यावरून माणसाकडे.

*

आता भाषेकडे. फ्रेंचमध्ये या घटनेचे नाव 'व्हेल दिव्हची धरपकड' असे रूढ आहे. वस्तुतः पकडलेल्यांपैकी जवळपास पाच हजार माणसांनी या वास्तूचे दारही पाहिले नाही. आणि धरपकड घडली ती शहरभरच्या जिन्यांवर, दारांत, अंगणांत. तरी नाव वास्तूचे. आपल्या काव्यशास्त्रात याला लक्षणा म्हणतात. 'गंगेवरची वस्ती' म्हटले की आपण प्रवाहाऐवजी काठ समजून घेतो. पण लक्षणेला प्रयोजन असते, असेही आपले शास्त्र सांगते. इथले प्रयोजन काय? एका नावाने स्थळ ठळक झाले आणि कर्ता झाकला गेला. ज्याने पकडले त्याचा उल्लेख न करता काय घडले ते सांगण्याची सोय झाली. मराठीतही आपण 'लोकांना ताब्यात घेण्यात आले' असे लिहितो आणि पुढे जातो. कोणी घेतले, हा प्रश्न त्या वाक्यरचनेत उभाच राहत नाही. वर मीही दोन-तीनदा तसेच लिहून गेलो आहे. वाचकांनी ते तपासून पाहावे.

फ्रान्सच्या अधिकृत वाक्याचा इतिहास हा या लपलेल्या कर्त्याचा इतिहास आहे. द गॉलपासून मितराँपर्यंत सर्व राष्ट्राध्यक्षांची भूमिका अशी, की व्हिशीचे सरकार म्हणजे फ्रान्स नव्हेच. खरे प्रजासत्ताक लंडनमध्ये होते, म्हणून त्याने क्षमा मागण्याचे कारण नाही. १९९२ मध्ये पन्नासाव्या स्मृतिदिनी मितराँना याच जागी लोकांच्या संतापाला तोंड द्यावे लागले. १९९३ मध्ये त्यांनी १६ जुलै हा राष्ट्रीय स्मरणदिन ठरवला. पण त्या आदेशात गुन्ह्यांचा कर्ता कसा आला? 'फ्रेंच राज्याचे सरकार' म्हणवणारी एक वस्तुस्थितीजन्य सत्ता, असा. जुलै १९९४ मध्ये सेन नदीच्या काठी उभारलेल्या स्मारकावरही हीच शब्दयोजना कोरली आहे. वाल्तेर स्पित्झर या छावणीतून वाचलेल्या शिल्पकाराचे ते शिल्प. मुले, गर्भवती स्त्री, आजारी माणूस अशा आकृती एका वक्र चौथऱ्यावर बसल्या आहेत. तो वक्र म्हणजे धावपट्टीचे वळण. दगडाने जे स्पष्ट सांगितले, ते शब्दांनी दोन अवतरणचिन्हांत गुंडाळले.

१६ जुलै १९९५ रोजी झाक शिराक यांनी तिथे उभे राहून सांगितले की आक्रमकाच्या गुन्हेगारी वेडाला फ्रेंच माणसांनी आणि फ्रेंच राज्याने साथ दिली, आणि त्या दिवशी फ्रान्सच्या हातून भरून न येणारे कृत्य घडले. त्रेपन्न वर्षांनी वाक्याला कर्ता मिळाला. २०१२ मध्ये फ्रान्स्वा ओलांद यांनी आणि २०१७ मध्ये एमान्युएल माक्राँ यांनी तेच वाक्य आणखी स्पष्ट केले. २०१७ च्या एप्रिलमध्ये, अध्यक्षपदाच्या प्रचारात, मारीन ल पेन यांनी व्हेल दिव्हला फ्रान्स जबाबदार नाही असे विधान केले. यावरून हा कर्ता वाक्यात कायमचा बसलेला नाही, हेही दिसते. प्रत्येक पिढीला तो पुन्हा लिहावा लागणार आहे.

*

जाता जाता एक तुलना. चिलेची राजधानी सांतियागोतल्या 'एस्तादिओ चिले' या बंदिस्त क्रीडागृहात १९६९ मध्ये नव्या चिलेयन गीतांचा पहिला महोत्सव झाला, आणि व्हिक्तोर हारा या गायकाने तिथे पहिला मान मिळवला. सप्टेंबर १९७३ च्या लष्करी उठावानंतर त्याच गृहात हजारो माणसे कोंडली गेली. हारा त्यांत होता. तिथेच त्याचा छळ करून त्याला ठार करण्यात आले. पण ते क्रीडागृह पाडले गेले नाही. २००३ मध्ये त्याला 'व्हिक्तोर हारा' हे नाव देण्यात आले. तिथे मारेकऱ्याचे नाव नसले तरी बळीचे नाव दारावर आहे, आणि आत येणाऱ्याला ते वाचावे लागते.

व्हेल दिव्हच्या जागी निवासी इमारती आल्या, आणि गृहमंत्रालयाची एक इमारत. फ्रान्सच्या अंतर्गत गुप्तवार्ता विभागाचे कार्यालय बरीच वर्षे, २००७ पर्यंत, तिथे होते. म्हणजे कार्डे आणि फायली त्या कोपऱ्यावर पुन्हा राहायला आल्या. १९४९ मध्ये जवळच्या मेट्रो स्थानकाला बिर-हाकेम हे नाव दिले गेले. लिबियाच्या वाळवंटातल्या त्या ठाण्यावर स्वतंत्र फ्रेंच सैन्याने १९४२ च्या मे-जूनमध्ये, या धरपकडीच्या अवघ्या महिनाभर आधी, शौर्याने झुंज दिली होती. अभिमानाच्या नावाला स्थानक मिळाले. २०१७ च्या जुलैमध्ये र्यू नेलातोंवर एका लहानशा बागेचे उद्घाटन झाले. तिच्या भिंतीवर चार हजारांहून अधिक मुलांची नावे आणि वये कोरली आहेत.

ती यादी म्हणजेही एक सूचीच आहे. वर्णानुक्रमे लावलेली, पोलिसांच्या कार्डांइतकीच काटेकोर, आणि बहुतांशी त्याच कागदांवरून तयार केलेली. फरक इतकाच, की पहिली सूची माणसे सापडावीत म्हणून केली होती, आणि ही हरवू नयेत म्हणून. साहित्याच्या वर्गात आपण मजकूर कोणी, कशासाठी लिहिला हे विचारायला शिकवतो. ते का विचारायचे असते, असे एखाद्या विद्यार्थ्याने विचारले, तर त्याला या दोन याद्या शेजारी ठेवून दाखवाव्यात.